अवतरणचिन्हाच्या आत आणि बाहेर

रडणाऱ्या मुलीला कोणीतरी विचारते, ‘काऊन रडून रायली वं?’ चार शब्दांचा हा प्रश्न वाचताच मराठी वाचकाला बरेच काही कळून चुकते. बोलणारे माणूस वऱ्हाडाकडचे आहे, समोर बाई किंवा मुलगी आहे आणि ‘वं’ म्हणण्याइतकी दोघांत सलगी आहे. हाच प्रश्न लातूर-नांदेडकडे ‘कामून रडायलीस गं?’ असा येईल, कोल्हापूरकडे ‘कशाला रडालीयास गं?’ असा, आणि सिंधुदुर्गात ‘कित्याक रडतंस गो?’ असा. लेखकाने जिल्ह्याचे नाव घेतलेले नाही, घराचे किंवा पेहरावाचे वर्णन केलेले नाही, तरी पात्र एका ठिकाणी पाय रोवून उभे राहते.

मात्र नकाशावरचे ठिकाण दाखवणे ही बोलीची सर्वांत सोपी कामगिरी आहे. एकाच गावात पाटलाच्या वाड्यावरची, देवळामागच्या आळीतली आणि गावकुसाबाहेरची भाषा एकसारखी नसते. एकाच घरात आजीची आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीची भाषा एकसारखी नसते. जात, वर्ग, शिक्षण, वय आणि स्त्री-पुरुष भेद या सगळ्यांच्या खुणा बोलण्यात उमटत असतात. कथा-कादंबरी लिहिणारा माणूस या खुणांमधून काही उचलतो आणि काही सोडतो. त्याने काय उचलले, कोणाच्या तोंडी घातले आणि स्वतः कोणत्या भाषेत बोलायचे ठरवले, हे पाहिले म्हणजे त्या कथेत कोणाची पायरी कुठे आहे हे दिसू लागते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. प्रमाण मराठी म्हणून आपण जी ओळखतो तीही मुळात एक बोलीच आहे. तिच्या पाठीशी कोश, व्याकरणे, क्रमिक पुस्तके आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, एवढाच फरक. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांनी शाळेच्या पुस्तकांच्या भाषेवरून हात फिरवला. आणि या साऱ्या उद्योगात शब्द सांगायला व तपासायला बसलेले शास्त्री-पंडित बहुतांशी ब्राह्मण होते. त्यामुळे पुण्याच्या बाजूच्या शिकलेल्या ब्राह्मणी घरांतले बोलणे छापले गेले, छापले गेले म्हणून शिकवले गेले आणि शिकवले गेले म्हणून ‘शुद्ध’ ठरले. उरलेल्या सर्वांचे बोलणे ‘बोली’ या नावाखाली गेले.

या वाटणीचा परिणाम आपल्या वाचनाच्या सवयीवरही झाला आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः आली. तीत यमुना आपली हकीकत आपणच सांगते आणि तिची भाषा ही ब्राह्मण घराच्या माजघरात बायका जशा बोलत तशी आहे. काटेकोर अर्थाने ही बोलीतली कादंबरी आहे, कारण विशिष्ट जातीच्या, विशिष्ट शहरातल्या बाईची ती भाषा आहे. पण आपण तिला तसे कधी म्हणत नाही. ज्या बोलीला नाव द्यावे लागत नाही ती सत्तेच्या जवळची बोली, असे मानायला हरकत नाही.

सामाजिक ओळख दाखवण्यासाठी मराठी लेखकाच्या हाताशी असलेले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धारदार हत्यार म्हणजे ‘ण’ आणि ‘न’. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘कोण’ऐवजी ‘कोन’ असे लिहिले की वाचक त्या पात्राची जात आणि शिक्षण मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा उच्चार चुकीचा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी बोलींमध्ये हे दोन ध्वनी एकत्र आले आहेत आणि ते नियमाने आले आहेत. मनाला येईल तसे कोणी बोलत नसते. गंमत अशी की ज्या महाराष्ट्री प्राकृताचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तीत ‘न’चा ‘ण’ सर्रास होत असे. म्हणजे एका काळी सगळा कारभार ‘ण’वर चालला, पुढे अनेकांचा ‘न’वर आला, आणि मधल्या ज्या घरांनी दोन्ही वेगळे ठेवले त्यांच्या उच्चारावर शुद्धतेचा शिक्का बसला.

या हत्याराची दुसरी धार विनोदी लेखनात दिसते. ‘ण’ आपल्याला येत नाही याची जाणीव झालेला माणूस जपून बोलू लागतो आणि नको तिथे ‘ण’ घालतो. नवा सरपंच व्यासपीठावर उभा राहून ‘मी आपले अभिणंदण करतो’ म्हणतो आणि सभागृह हसते. लेखकाने इथे काय दाखवले आहे, हे नीट पाहावे. सरपंचाला भाषा येत नाही असे नव्हे. त्याला घरी उत्तम भाषा येते. दुसऱ्याच्या भाषेत शिरण्याची त्याची धडपड चव्हाट्यावर मांडली गेली आहे. त्या एका शब्दावर वाचकाने हसावे की गप्प व्हावे, हे लेखक पुढच्या वाक्यात ठरवतो. मी शाळेत असताना मराठीच्या तासाला ग्रामीण कथेचा उतारा मोठ्याने वाचायची पाळी कोणावर आली की वर्ग हसत असे, मजकूर मरणाचा असला तरी हसत असे. आणि हसणाऱ्यांपैकी निम्म्या मुलांच्या घरी तीच भाषा बोलली जात होती.

यापेक्षा लबाड युक्ती लेखनपद्धतीत दडलेली असते. ‘पाहिजे’ हा शब्द त्यातल्या ‘हि’सकट उच्चारणारा माणूस शोधायला गेले तर दमछाक होईल. प्राध्यापक ‘पायजे’ म्हणतात, डॉक्टर ‘पायजे’ म्हणतात, आणि बातम्या वाचून उठलेला निवेदकही चहा मागताना बहुधा तेच म्हणतो. कथेत मात्र प्राध्यापकाच्या तोंडी ‘मला ते पुस्तक पाहिजे’ असे छापलेले असते आणि शिपायाच्या तोंडी ‘सायेब, सही पायजे’. उच्चार दोघांचा एकच, पण एकाचा लिहिताना सावरून घेतला आणि दुसऱ्याचा तसाच ठेवला. ‘म्हणाला’, ‘राहिला’, ‘नाही’ या शब्दांचीही तीच गत. वाचकाला वाटते की शिपायाची बोली लेखकाने हुबेहूब टिपली. प्रत्यक्षात लेखकाने फक्त त्याच्यावरच कान ठेवला. एखादी कथा हाती आली की तिच्यात कोणाचे उच्चार दुरुस्त केले आहेत हे शोधावे, असे मी सुचवीन. कोणाचे ‘अशुद्ध’ छापले आहेत, ते तर सहज दिसतेच.

हुबेहूब टिपणे तसे शक्यही नाही. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळे आहेत, पण देवनागरीत दोन्हींसाठी अक्षर एकच. हेल तर कोणत्याच लिपीत पुरता उतरत नाही, आणि बोलीचा निम्मा जीव हेलात असतो. म्हणून जाणता लेखक सगळे टिपायच्या फंदात पडत नाही. तो तीन-चार खुणा निवडतो आणि त्या शेवटपर्यंत सांभाळतो. वऱ्हाडीसाठी ‘मले-तुले’तला ‘ले’, ‘करून रायला’ची क्रियापदाची घडण आणि काही भागांत ‘डोळ्या’चा होणारा ‘डोया’ एवढ्यावर बरेच भागते. कोल्हापूरकडच्या बोलण्यासाठी ‘बस की’, ‘जेव की’ मधला आर्जवी ‘की’ पुरेसा बोलतो. शब्दांची जागा आणि असे छोटे अव्यय हेलाची उणीव भरून काढतात. वाचक कानाने न ऐकताही वाक्य त्या सुरात वाचतो. याउलट प्रत्येक शब्द मोडून-तोडून लिहिला तर पान शब्दकोड्यासारखे दिसू लागते आणि वाचक माणसाकडे बघण्याऐवजी शब्द सोडवत बसतो.

काही खुणा अशा असतात की त्या प्रदेशाबाहेरचा वाचक त्यांचा अर्थच उलटा लावतो. वऱ्हाडात आणि कोल्हापूरकडे कितीतरी बायका स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते किंवा पात्र दांडगट वाटते. तिथल्या वाचकाला त्यात काहीच वेगळे वाटत नाही. एकच रूप एकाला स्वभावाची खूण वाटते आणि दुसऱ्याला घरातली रोजची भाषा, आणि लेखक आपले लेखन यांपैकी कोणासाठी लिहितो आहे याचाही अंदाज अशा जागी येतो. पुस्तकाच्या शेवटी जोडलेली कठीण शब्दांची यादी हेच सांगत असते: पुस्तक ज्यांच्याविषयी आहे त्यांना त्या यादीची गरज नसते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे अवतरणचिन्ह. १९६२ साली मान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला वाट ठेवली: पात्र ‘असं केलं’ म्हणू शकते, इतरत्र ‘असे केले’ लिहायचे. हा लेखही त्या ‘इतरत्र’मध्येच लिहिलेला आहे. नियम शुद्धलेखनाचा असला तरी त्यामागे कादंबरीची एक जुनी रचना आहे. चिन्हाच्या आत पात्रे आपापल्या बोलीत बोलतात आणि चिन्हाबाहेर निवेदक प्रमाण भाषेत सांगतो. आत बोलणाऱ्याकडे आपण पाहतो. बाहेर सांगणाऱ्याच्या नजरेने आपण पाहतो. गावातली माणसे दिसण्याच्या वस्तू होतात आणि पाहणारा शिकलेला असतो, ही व्यवस्था एकदा बसली की ती चटकन हलत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ही रचना फार प्रामाणिकपणे वापरलेली आहे, कारण तिथे निवेदक हा खरोखरच बाहेरून आलेला आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तो तरुण मास्तर. तो सांगतो शिकलेल्या माणसाच्या मराठीत, वाडीतली माणसे बोलतात माणदेशी. दोन भाषांमधले अंतर हेच त्याचे आणि वाडीचे अंतर आहे, आणि ते लपवलेले नाही. त्यामुळे वाडीवर जीव जडत गेला तरी तो तिथला होत नाही, ही गोष्ट वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर फरक आणखी जवळून दिसतो. योगायोगाने दोन्हींत शिंप्याचे घर आहे आणि दोन्हींच्या मध्यभागी घर सावरू पाहणारी बाई आहे. ‘धग’मधली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि काय बोलते! तिचा संताप, तिची चिकाटी, मुलांसाठीचा तिचा आटापिटा सगळे त्या बोलीतून येते. पण तिची कहाणी सांगणारा दुसरा कोणी आहे. ‘पाचोळा’त ते अंतर काढून टाकलेले आहे. तिथे गंगाराम शिंप्याची बायकोच सांगते, आणि संवादांइतकेच निवेदनही मराठवाडी बोलीत आहे. वाचकाला आता टेकायला प्रमाण भाषेचा ओटा उरत नाही. पहाट, पाऊस, शिलाईचे यंत्र, गावातल्या बड्या माणसाशी आलेले वैर, जे काही कळायचे ते तिच्या शब्दांत आणि तिच्या क्रमाने. माझ्या मते मराठी कादंबरीतला हा बदल विषयाच्या बदलाइतकाच मोठा होता. खेड्यातली बाई कादंबरीत आधीपासून होती. आता कादंबरी तिच्या तोंडची झाली.

त्याच वर्षी आनंद यादवांची ‘गोतावळा’ आली. सांगणारा नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याची माणसे म्हणजे मळ्यातली जनावरे, आणि मालक ट्रॅक्टर आणतो तेव्हा त्याचा हा गोतावळा मोडू लागतो. हे सगळे कागल-कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. पिकांची, गुरांची, अवजारांची आणि वेळेची जी शब्दसंपत्ती नारबाकडे आहे ती प्रमाण मराठीत आणताच निम्मी गळून पडेल, कारण प्रमाण मराठी घडवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मोट हाकली होती. गड्याला भाषा कमी येते ही समजूत इथे उलटी होते. मळ्याच्या बाबतीत वाचकालाच भाषा कमी येते, हे पानोपानी जाणवत राहते.

शहरही यातून सुटले नाही. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) मुंबईच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची हिंदी-इंग्रजीत कालवलेली, शिवराळ मराठी निवेदनातच आली, आणि पुस्तकावर अश्लीलतेचे वादळ उठले. गोष्टीतल्या घटनांइतकाच राग त्या भाषेचाही होता असे मला वाटते. अशी भाषा अवतरणात असती तर वाचकांनी ‘नाक्यावरची पोरे अशीच बोलतात’ म्हणून ती सोसली असती. चिन्हाबाहेर आली तेव्हा तिला समजूतदार निवेदकाचे पांघरूण उरले नाही.

यावरून एखाद्याला वाटेल की बोलीत लिहिणे म्हणजे पीडितांची बाजू घेणे आणि प्रमाण भाषेत लिहिणे म्हणजे दुसऱ्या बाजूला उभे राहणे. तसे सरळ गणित नाही. दलित लेखक बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहातले निवेदन बहुतांशी प्रमाण, भारदस्त, काही ठिकाणी तर काव्यमय आहे. जी भाषा आपल्याला नाकारली गेली तिच्यावर हक्क सांगणे हीदेखील एक भूमिका आहे. दलित पात्र आले की ते मोडके बोललेच पाहिजे अशी अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाची बागुलांनी चांगलीच पंचाईत केली.

चिन्हाबाहेरच्या भाषेत आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती मराठीत विशेष आहे. ‘पाटील आले आणि ओट्यावर बसले. थोड्या वेळाने रामा आला आणि खाली बसला.’ ही दोन वाक्ये मी इथल्यापुरती रचली आहेत. दोन्ही स्वच्छ प्रमाण मराठीत आहेत, बोलीचा एकही शब्द नाही. तरीही निवेदकाला पाटील ‘आले’ आणि रामा ‘आला’. रामा वयाने दहा वर्षांनी मोठा असला तरी ‘आला’च. एकाला हुद्द्याने ओळखले, दुसऱ्याला नुसत्या नावाने. गावाची उतरंड पात्रांच्या तोंडी नसून निवेदकाच्या क्रियापदात आहे, आणि बऱ्याचदा लेखकाच्याही ते ध्यानात आलेले नसते. इंग्रजी कादंबरीवरून बेतलेल्या समीक्षेच्या नजरेतून ही गोष्ट निसटते, कारण इंग्रजी क्रियापदाला आदरार्थी बहुवचनाची सोयच नाही. हाक मारण्याच्या शब्दांचेही असेच असते. नवऱ्याला बाई ‘अहो’ म्हणते, ‘कारभारी’ म्हणते, ‘धनी’ म्हणते की तिसऱ्यापुढे नुसते ‘हे’ म्हणते, यावरून घर कळते. आणि ‘जोहार’, ‘रामराम’, ‘जय भीम’ यांपैकी पात्राच्या तोंडून काय निघते यावरून त्याचा काळ, त्याची जात आणि त्याने घेतलेला निर्णयही कळतो.

प्रत्यक्षात एकच माणूस दिवसभरात दोन-तीन भाषा बोलतो. पात्राला पहिल्या पानावर एक बोली चिकटवून शेवटपर्यंत तीच बोलायला लावणारे लेखक हे विसरतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त (१९७५) फुले विकणाऱ्या मंजुळेला प्रमाण उच्चार शिकवण्यावर सगळे नाटक उभे आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून घेतलेली ही गोष्ट मराठीत इतकी बेमालूम बसली, कारण उच्चारावरून माणसाची किंमत करण्याची रीत इथे आयात करावी लागली नाही. पण मंजुळेला शिकवायला एक प्राध्यापक लागतो. एरवी माणसे हे कोणी न शिकवता करत असतात.

समजा, वऱ्हाडातल्या एका तहसील कचेरीत पन्नाशीची एक मजूर बाई दाखल्यासाठी आली आहे, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी आहे. बाकावर शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईला ती विचारते, ‘तुयं काम झालं का वं?’ खिडकीपाशी नंबर लागतो तेव्हा तीच बाई शब्द जपून टाकते, ‘साहेब, माझा अर्ज दिला होता. जरा पाहता का?’ इथे ‘तुयं’ आणि ‘माझा’ या दोन शब्दांमध्ये खिडकीची जाळी उभी आहे. कारकून मान वर न करता तिसऱ्यांदा उद्या यायला सांगतो, आणि जपून आणलेली भाषा तिच्या हातून सुटते: ‘मंग मी काय रोज मजुरी पाडून येऊ काय बाप्पा?’ राग घरच्याच भाषेत येतो. बाकावरची माणसे वळून बघतात. मुलगी आईचा हात धरते आणि दबक्या आवाजात म्हणते, ‘आई, हळू बोल ना.’ घरी ती तिला ‘माय’ म्हणते.